मास्तरांनी ऐकलेल्या गाड्या

मास्तरांचे मी पहिल्यांदा पाहिले ते पाय. शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक माळ आहे. तिथं शिकवणीचा जुना ट्रक उभा होता आणि त्याच्या पोटाखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. मला वाटलं, माणूस चिरडला. मी ओरडले, तर खालून आवाज आला, "गप गो! ऐकू दे जरा."

थोड्या वेळानं एक सडपातळ म्हातारा सरपटत बाहेर आला. ट्रकच्या खाली हवेची टाकी असते, तिला कान लावून तो झोपला होता. त्यानं पँट झटकली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शिकायचं कोणाला? नवऱ्याला?"

"मला."

"हेवी?"

"हेवी."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाले, "चपला काढ आन् वर बस." त्यांच्या ट्रकमध्ये चपला घालून कोणी चढायचं नाही, असा नियम होता. पेडल पायाला कळलं पाहिजे म्हणायचे. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा इतका तापायचा की आम्ही पाय उचलून उचलून बसायचो. ते मात्र देवळात बसल्यासारखे स्वस्थ.

मी तेव्हा मुरबाडकडच्या एका शाळेच्या बसवर मावशी होते. मुलांना चढवायचं, उतरवायचं, ओकारी आली तर पिशवी धरायची. बसचा ड्रायव्हर नोकरी सोडून चालला होता. लहान गाडीचं लायसन माझ्याकडे आधीपासून होतं, कारण लग्नानंतर काही वर्षं आमचा भाजीचा टेम्पो मीच चालवत होते. बसचे मालक म्हणाले, "हेवी लायसन काढलंस तर बस तुझ्या हातात देतो." घरी मी हे सांगितलं आणि सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी गावात सांगून टाकलं की सून शहापूरला शिवण शिकायला जाते. मी काही ते खोडून काढलं नाही.

मास्तरांचं सगळं शिकवणं हवेभोवती फिरायचं. स्टिअरिंग, गियर, आरसे हे त्यांच्या लेखी कोणीही शिकवावं असे विषय होते. भेटल्यावर नमस्कार नाही, राम राम नाही. "हवा किती?" एवढंच. "बरी हाय मास्तर," असं कोणी म्हणालं की त्याला परत गाडीकडे पाठवायचे. हवेचा काटा बघून ये. काटा पूर्ण वर येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. हवा कमी असली की बझर वाजतो आणि लाल दिवा लागतो. इंजिन चालू करून आम्ही सगळे मुकाट बसायचो. शेजारच्या शेतातल्या बाया भाताची रोपं लावून अर्धं शेत संपवायच्या, तरी आम्ही तिथंच.

"लहान गाडीत पाय ब्रेक लावतो," ते म्हणायचे. "इथं पाय फक्त हुकूम देतो. काम हवा करते. टाकीत हवाच नसंल तर हुकूम कोणाला देशील? सासूला?"

शिकायला माझ्यासोबत एक वीटभट्टीवाले भाऊ होते, चाळिशीचे, स्वतःचा ट्रक असूनही लायसन नसलेले. आणखी एकजण खर्डीचा होता, पण तो कधी यायचा, कधी नाही. या भाऊंना एक गोष्ट काही केल्या समजत नव्हती. पायाचा ब्रेक हवेच्या जोरानं लागतो, पण गाडी उभी करून ठेवायचा ब्रेक मात्र हवा काढली की लागतो. हे उलटसुलट कसं?

मास्तर खिशातून कपड्याचा लाकडी चिमटा काढायचे. "दाबला की तोंड उघडतो. सोडला की चावतो. बघ. चावते ती स्प्रिंग, दाबते ती हवा. हवा हाय तवर स्प्रिंग दबून गप बसते, चाक मोकळं. हवा सोडली की स्प्रिंग चाक धरते. उभ्या गाडीचं असं. चालत्या गाडीत पाय दाबला की दुसरी हवा जाऊन चाक धरते. दोन नळ, दोन कामं."

आणि उत्तर चुकलं की तो चिमटा चुकणाऱ्याच्या कानाला लावायचे. पुढचं उत्तर बरोबर येईपर्यंत काढायचा नाही.

एकदा माझी पाळी आली. त्यांनी विचारलं, "काटा खाली चाललाय, बझर वाजतोय. पायाच्या ब्रेकवर भरवसा ठेवून किती लांब जाशील?" मी म्हणाले, "पुढच्या गावापर्यंत तरी." बसला चिमटा कानाला. दोन लेकरांची आई मी, कानाला चिमटा लावून रस्त्याच्या कडेला उभी, आणि त्याच वेळी मुरबाडची एसटी गेली. खिडकीत माझी चुलत जाऊ बसलेली. तिनं मान वळवून वळवून बघितलं.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की हा शिवणक्लास कसला आहे. सासूबाई माझ्याशी बोलेनात. नवरा रोज आसनगावहून कल्याणला कामाला जातो. तो घरी आला तो मान खाली घालून. डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "स्टेशनावर विचारीत होते, वहिनी कोनते कपडे शिवतात." मला तोंड कुठं लपवू असं झालं. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "जास्त दुखला का कान?" तेव्हा मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हणाले, "चिमटा लावा, पण रस्त्याच्या बाजूला उभं करू नका. लोक बघतात."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाय, लाज हितं सांडून जा. घाटात बझर वाजला आन् तू लोक काय म्हनतील ते बघत बसलीस, तर वर पोचशील."

मास्तरांची खरी कीर्ती मात्र शिकवण्यापेक्षा कानाची होती. लांबच्या खेपेला जायच्या आधी आसपासचे ट्रकवाले गाडी माळावर आणायचे. त्यातले पुष्कळ त्यांच्याच हाताखाली शिकलेले. "मास्तर, जरा ऐकून घ्या." मास्तर चपला काढून गाडीखाली शिरायचे, टाकीला, नळ्यांना, जोडांना कान लावत पुढं सरकायचे. हवा गळत असेल तर शी-शी असा बारीक आवाज येतो, तो ते पकडायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "मागचा डावा जोड बदल," नाहीतर, "साफ हाय." साफ हाय म्हणाले की ड्रायव्हर निर्धास्त निघायचा. या कामाचा ते चहासुद्धा घेत नसत. त्यांच्या तोंडावर तेव्हा जो अभिमान असायचा, तो मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

ते फार मोठ्यानं बोलायचे. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, म्हातारा तोऱ्यात आहे.

परीक्षेच्या आधी ते प्रत्येकाला एकदा माळशेज घाटात न्यायचे. वर जाताना भाऊंनी गाडी चालवली. उतरताना माझी पाळी. गाडी रिकामी होती, गियर खालचा होता, सगळं त्यांनी शिकवलं होतं तसंच चाललं होतं. पण एका बाजूला दरी, समोरून येणाऱ्या गाड्या. मला भीती वाटायला लागली आणि मी सारखा सारखा ब्रेक दाबू लागले. मास्तर शेजारी बसून वरच्या टपरीवरच्या भज्यांबद्दल सांगत होते. कांदा किती पातळ चिरतात, तेल कसं बदलत नाहीत.

बझर वाजायला लागला.

मी मास्तरांकडे बघितलं. ते भज्यांबद्दलच बोलत होते. मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी काय करते ते बघतायत. त्यांचा हुकूम असा होता की घाटात त्यांनी सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. मी वाट बघत राहिले. बझर वाजतच राहिला. काटा खाली येत होता. मागून भाऊ म्हणाले, "मास्तर..." मास्तर वळले नाहीत.

पुढच्या वळणाआधी डोंगराच्या बाजूला जागा रुंद झाली. मी गाडी तिकडं घेतली, थांबवली आणि उभ्या ब्रेकचा खटका ओढला. फुस्स करून हवा सुटली आणि गाडी जागेवर धरली गेली.

मास्तर भडकले. "कोनी सांगितला थांबायला? मी बोललो का थांब?"

भाऊ मागून पुढं वाकले आणि त्यांच्या तोंडासमोर म्हणाले, "मास्तर, बझर कवाचा बोंबलतोय. तुमाला ऐकू नाय आला?"

त्यात खोचक काही नव्हतं. भाऊ घाबरले होते, एवढंच. मास्तरांनी काट्याकडे बघितलं. मग बझरच्या लाल दिव्याकडे. मग ते खाली उतरले आणि गाडीखाली शिरले.

आम्हीही उतरलो. इंजिन चालूच होतं. तरी मागच्या चाकाजवळच्या नळीतून हवा जात होती, ती उभ्यानं ऐकू येत होती. साप फुत्कारावा तसा आवाज. मास्तरांचा कान त्या नळीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी डोळे मिटले होते. पुष्कळ वेळ ते तसेच पडून राहिले. मग बाहेर आले, पँट झटकली आणि म्हणाले, "गळती नाय. साफ हाय. हिनं ब्रेक जास्त मारला म्हून हवा उतरली. बसा."

भाऊ रस्त्याकडे बघायला लागले. मी माझ्या पायांकडे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची आमची हिंमत नव्हती. आवाज येतच होता. कपडे काढलेला माणूस चुकून समोर यावा आणि नजर कुठं ठेवावी कळू नये, तसं झालं होतं. पण त्या गाडीत बसून खाली जाणं शक्य नव्हतं. कोणीतरी बोलायला हवं होतं आणि भाऊ बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं.

तोंडानं सांगायचं मला जमलं नाही. मी त्यांचा हात धरला, त्यांना चाकाजवळ नेलं आणि त्यांचा तळवा त्या नळीसमोर धरला.

हवा हाताला लागली. त्यांनी हात मागं घेतला नाही. तसाच धरून ठेवला. मग दुसरा हात कानामागं नेला आणि डोकं वाकवून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. मग सरळ उभे राहिले.

"किती मोठा आवाज हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बारीक हाय, मास्तर."

ते भाऊंकडे वळले. "किती मोठा हाय?"

भाऊ म्हणाले, "मोठा हाय."

मास्तर कठड्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. भाऊंनी फोन करून टोकावड्याहून मेकॅनिक बोलावला. तो येईपर्यंत आम्ही तिघं तीन ठिकाणी होतो. एकदाच ते बोलले, तेही आमच्याकडे न बघता. "बोलनं कळतं मला. तोंडासमोर असला की कळतं. बारीक आवाज कवा गेले, ते नाय कळला."

त्यानंतर माळावर ट्रक दिसला नाही. परीक्षेला दुसऱ्यांची गाडी घ्या, असा निरोप आला. कल्याणला परीक्षा झाली. तिथल्या साहेबांनी विचारलं, हवा उतरली तर काय कराल? मी सांगितलं, वाट बघणार नाही, जागा बघून थांबेन. त्यांनी मान हलवली. मी पास झाले.

पेढे घेऊन मी खर्डीच्या पुढं मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको दारात आली. म्हणाली, "ते घरात नायत." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. तो तिलाही ऐकू आला, मलाही. आत बसलेल्या माणसाला वाटत असेल, हळूच खोकलो. मी पेढे उंबऱ्यावर ठेवले आणि निघाले. रस्त्याला लागेपर्यंत मला मागं बघवलं नाही.

पुढं भात पिवळं पडायला लागलं तेव्हा एका दुपारी मुलांना सोडून मी बस लावत होते, तर मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाले, "रविवारी मोकळी हायस का? माझ्यासंगं चल. मला कान पायजेत."

त्यांनी ठरवलं होतं की गेल्या काही वर्षांत ज्यांच्या गाड्या ऐकून 'साफ हाय' सांगितलं, त्या प्रत्येकाकडे जाऊन खरं सांगायचं. माणसांची नावं त्यांना आठवत नव्हती, गाड्या आठवत होत्या. निळ्या तोंडाची भट्टीवरची, मागचा फाळका वाकलेली, खडी वाहणारी. पण समोरचा चार हात लांबून, काम करता करता, मान फिरवून काही बोलला तर त्यांना कळायचं नाही. म्हणून मी.

"एक सांगतो," ते रिक्षात म्हणाले. "जो जसा बोलंल तसाच मला सांगायचा. गोड करून नाय."

त्या रविवारी आणि नंतरच्याही काही रविवारी आम्ही फिरलो. वीटभट्ट्या, खाणी, गोदामं. मास्तर प्रत्येक ठिकाणी ताठ उभे राहायचे, हात जोडायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "तुजी गाडी मी ऐकली व्हती. मला ऐकू येत नाय. तवाबी येत नसंल. माझ्या शब्दावर जाऊ नको, सगळे जोड साबनाच्या पान्यानं तपासून घे. बुडबुडा आला की गळती." मग तोंड माझ्याकडे फिरवायचे.

एकानं मित्राला म्हटलं, म्हातारा सरकलाय. मी ते मास्तरांना सांगितलं. एकानं त्यांच्या पाया पडून बसायला खाट दिली, तेही सांगितलं. खाणीवरच्या एकानं आईवरून शिवी दिली. दहा गडी कामाला होते, त्यांच्यासमोर ती शिवी मला तोंडानं उच्चारायची होती. मी पुटपुटले. मास्तर म्हणाले, "कळला नाय. नीट बोल." मी नीट बोलले. गडी हसले. माझे कान तापले. मास्तरांनी त्या माणसाला पुन्हा हात जोडले आणि आम्ही खाणीचा चढ चढून रस्त्यावर आलो. तिथं ते म्हणाले, "तुला नको व्हता आनायला." पण पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आणि मी पुन्हा गेले.

काशिनाथचं घर त्यांनी शेवटच्या रविवारपर्यंत टाळलं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत राहतो. मास्तरांकडेच शिकलेला. एका उतारावर त्याच्या भरलेल्या ट्रकचा ब्रेक लागला नाही, गाडी कड्यावर आदळली आणि एक पाय गुडघ्याखाली गेला. गाडीचं नेमकं काय बिघडलं होतं, ते कोणालाच नीट कळलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात ती गाडी माळावर आली होती आणि मास्तर तिच्याखाली झोपले होते.

आम्ही पोचलो तेव्हा काशिनाथ अंगणात बसून कोयतीला दांडा बसवत होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मास्तरांना बघून त्याला आनंद झाला. "मास्तर! या, या." त्याची आई पाणी घेऊन आली. मास्तरांनी पाणी घेतलं नाही, बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. इतर ठिकाणी सांगायचे तसंच, पण मध्येच त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं.

काशिनाथचा हात थांबला. तो कोयतीकडे बघत राहिला. मग खाली बघतच काहीतरी बोलला. मास्तरांनी माझ्याकडे तोंड केलं.

मी म्हणाले, "तो बोलतोय, आता सांगायला आलात? आता सांगून पाय येनार हाय का?"

मास्तरांनी मान हलवली. "बरोबर बोलतोय."

काशिनाथ पुन्हा बोलला. हे सांगणं मला फार जड गेलं. त्याची आई तिथंच उभी होती, पदर तोंडाला लावून.

"तो बोलतोय, मागच्या बाजूला आवाज येतोय असा गाडीवरचा किलीनर दोनदा बोलला व्हता. पन मास्तरांनी साफ हाय सांगितलाय म्हून मी खाली वाकून बघितला नाय."

मास्तरांनी जोडलेले हात तसेच होते. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यातली एक त्यांच्या पायावरून गेली, तरी ते हलले नाहीत. निघावं का, असं मी खुणेनं विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. अजून काही बोलायचं असेल तर त्याला बोलू दे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पुढं जे येईल ते घेऊनच जायचं.

काशिनाथनं कोयती बाजूला ठेवली. मांडीवरचा लाकडाचा भुसा झटकला. मग मास्तरांकडे न बघता मला म्हणाला, "त्यांना विचार, जेवलेत का."

मी मास्तरांसमोर गेले. "विचारतोय, जेवलात का?"

"काय?"

"जेवलात का, असं विचारतोय."

"परत सांग," मास्तर म्हणाले. पहिल्याच वेळी त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी परत सांगितलं. या वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, काशिनाथकडे बघत होते.

"नाय," ते म्हणाले. जन्मभर ओरडून बोलणारा माणूस, पण हे इतक्या हळू म्हणाले की काशिनाथला ते मलाच सांगावं लागलं.